पदरी मूल, हाती हुन्नर

पेशवे दफ्तराचे रुमाल ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना ‘बालपरवेशी’ हा शब्द अपरिचित नसेल. मोहिमेत एखादा शिलेदार कामास आला, म्हणजे त्याच्यामागे उरलेल्या मुलामाणसांच्या पोटाची जी तजवीज सरकारातून होत असे, कधी रोख नेमणूक, कधी जमिनीचा तुकडा, कधी धान्य, तिला हे नाव होते. शब्दाची घडण मोठी बोलकी आहे. फारसीतील ‘परवरिश’ म्हणजे पालनपोषण. दफ्तरी कारकुनांच्या लेखणीखाली झिजत झिजत त्याचे ‘परवेशी’ झाले आणि त्याला आपल्या ‘बाल’ शब्दाची जोड मिळाली. नाव मुलाचे, आईचे नव्हे. आजचे मूल उद्या तलवार धरील, एवढाच दूरदर्शी हिशेब त्यामागे असावा आणि बाईने स्वतः काही मिळवावे ही कल्पना त्या व्यवस्थेत कोणाच्या स्वप्नातही आली नसावी. परंतु एक गोष्ट त्या जुन्या कारकुनांनी बिनचूक टिपली होती, ती ही की कर्ता पुरुष गेलेल्या घरात मूल असते, आणि मुलाला अन्न लागते तशीच कोणाची तरी सोबत लागते. पुढे एकाकी मातेच्या हाती हुन्नर देण्याचे जे उद्योग महाराष्ट्रात झाले, शिशाचे खिळे जुळवण्यापासून संगणकावर अक्षरे उमटवण्यापर्यंत, त्यांचा वृत्तान्त वाचताना मला हा शब्द वारंवार आठवत आला आहे. कारण हुन्नर शिकवणे हा त्या उद्योगातील तुलनेने सोपा भाग होता, आणि बाई शिकत असताना तिचे मूल कोठे असावे, या प्रश्नाने भल्याभल्यांची पंचाईत केली.

आरंभ मात्र हुन्नरापासून झाला नाही, मुलापासूनच झाला. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. एका ब्राह्मण विधवेने लोकलाजेस्तव स्वतःचे अर्भक मारले आणि तिला काळ्या पाण्याची सजा झाली, या घटनेने फुले दांपत्य अस्वस्थ झाले होते. फसवल्या गेलेल्या विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, हवे तर मूल घेऊन जावे, नको तर ठेवून जावे, अशी ती योजना होती, आणि तिची जाहीर पत्रके शहरात भिंतींवर लावण्याचे धैर्यही त्यांच्यापाशी होते. १८८४ साली सक्तीच्या वैधव्याविषयी सरकारला लिहिताना जोतीरावांनी या गृहात आलेल्या पस्तीस स्त्रियांचा उल्लेख केला आहे. असाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केले. मूल वाचले, पण आई? ती पुन्हा त्याच वाड्यात, त्याच चुलीपुढे आणि त्याच नजरांपुढे जाऊन उभी राहत असली पाहिजे, कारण तिला दुसरे जाण्याचे ठिकाण नव्हते आणि दोन हातांनी चार पैसे मिळवण्याचा कोणताही मार्ग त्या काळाने तिला मोकळा ठेवला नव्हता. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली खरी, पण पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क त्याच कायद्याने काढून घेतला. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेणे, हे सरकारी औदार्याचे जुनेच लक्षण आहे.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. ही सारी कहाणी प्रामुख्याने पांढरपेशा जातींतील बाईची आहे. कुणबी, माळी, महार, मांग, कोळी घरांतील विधवेला ‘कामावर परत जाण्याचा’ प्रश्न कधी पडलाच नाही, कारण ती कामावरून कधी उठलीच नव्हती. नवरा गेल्याच्या तेराव्या दिवशी तिच्या हाती खुरपे होते, आणि मूल बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत होते. ती झोळी हेच आपल्याकडील पहिले पाळणाघर म्हटले पाहिजे. पुढे हीच बाई मुंबईच्या गिरणीत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत जाऊन उभी राहिली तेव्हा झोळी टांगायला झाड उरले नाही, आणि चाळीतल्या खोलीत ठेवलेल्या तान्ह्या मुलाने दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी चारण्याचा प्रघात सर्रास पडला. त्या प्रघाताविषयी त्या वेळच्या चौकश्यांतून पुष्कळ लिहिले गेले. गिरण्यांना पाळणाघरे सक्तीची व्हायला मात्र १९४८ चा कारखाने अधिनियम यावा लागला, आणि तीही पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथेच. संख्या पन्नासांच्या आत ठेवण्याची युक्ती मालकांना शिकवावी लागली नसणार.

पंडिता रमाबाई स्वतः एकाकी माता होत्या, हे त्यांच्या विद्वत्तेच्या आणि धर्मांतराच्या गदारोळात आपण विसरून जातो. १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी वारले तेव्हा त्यांची मनोरमा पुरती एक वर्षाचीही नव्हती. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, सासरचे कोणी जवळ नाही, आणि कडेवर मूल. अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या, पुढल्या वर्षी मुलीसह इंग्लंडला गेल्या, तेथून अमेरिकेला पोहोचल्या, आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक त्यांनी शारदा सदन उघडले. सदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, हे सर्वश्रुत आहे. माझे लक्ष मात्र शारदा सदनापेक्षा रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनाकडे अधिक जाते. १८९६ च्या दुष्काळात गोळा केलेल्या, आणि नंतर गुजरातेतूनही आणलेल्या, शेकडो निराधार स्त्रिया व मुली तेथे राहू लागल्या तेव्हा रमाबाईंनी त्यांना केवळ प्रार्थना आणि शिवण देऊन भागवले नाही; विणकाम, तेलघाणा, दुग्धशाळा यांच्या जोडीला त्यांनी छापखाना उभा केला आणि तो बायकांच्या स्वाधीन केला.

ज्याने खिळ्यांचा छापखाना पाहिला आहे त्यालाच या गोष्टीचे महत्त्व नीट उमगेल. रोमन लिपीची केस तुलनेने आटोपशीर. देवनागरीची मात्र काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांच्यामुळे शेकडो खणांची. जुळारी डाव्या हातात पट्टी धरतो, उजव्या हाताने न बघता नेमक्या खणातून खिळा उचलतो, बोटाने त्याची खाच चाचपून तो सरळ बसवतो, आणि ओळ आरशात पाहावी तशी उलटी वाचत जातो. हे काम ज्या हातांना साधते त्यांना वाचन साधलेच पाहिजे, शुद्धलेखनही साधले पाहिजे; म्हणजे कालपर्यंत अक्षरशत्रू असलेली बाई येथे अक्षरांची मालकीण होत असे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून रमाबाईंनी स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात जुळले आणि छापले गेले. १९२२ साली त्या वारल्या, मनोरमाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या, आणि ग्रंथ १९२४ साली प्रकाशित झाला. मायलेकी दोघी गेल्यावर त्या स्त्रियांनी ते काम पुरे केले, ही गोष्ट मला त्या भाषांतराच्या गुणदोषांहून अधिक हृद्य वाटते. मुक्तिसदनात मुले आवारातच वाढत, शाळा आवारातच होती, आणि अंधांसाठी ब्रेल शिकवण्याची सोयही मनोरमाबाईंनी तेथे केली होती. छापखान्यातली बाई घटकाभर उठून मुलाला पाहून येऊ शकत होती. त्या वसाहतीत हुन्नर टिकला, त्याचे निम्मे श्रेय मी या अंतराला देतो.

कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०० साली गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर तो हिंगण्यास नेला, तेव्हा हेतू विधवांना शिक्षण देऊन स्वावलंबी करण्याचा होता. पुढे त्यातून महिला विद्यालय आणि १९१६ चे महिला विद्यापीठ निघाले, हा इतिहास येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. सांगायचे आहे ते पार्वतीबाई आठवले यांच्याविषयी. त्या गोदूबाईंच्या, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांच्या, भगिनी, देवरूखच्या, विशीत वैधव्य आले तेव्हा पदरी एक मुलगा होता. लिहिणेवाचणे त्या पुण्यास आल्यावर शिकल्या, आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या, झोळी घेऊन गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, आणि १९१८ साली, इंग्रजी जेमतेम असताना, आश्रमासाठी निधी मिळवायला एकट्या अमेरिकेला गेल्या, जेथे पोटासाठी घरकाम करण्याचाही त्यांनी संकोच केला नाही. ‘माझी कहाणी’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे फारशा अलंकाराविना मांडले आहे. वयाच्या पंचविशीनंतर धुळाक्षरे गिरवणाऱ्या बाईला आपण आज ‘प्रौढ प्रशिक्षणार्थी’ म्हणू आणि तिला तीन महिन्यांचा वर्ग नेमून देऊ. पार्वतीबाईंना वर्षे लागली. ती वर्षे त्यांना मिळाली, कारण आश्रम आणि बहिणीचे बिऱ्हाड पाठीशी होते. अशी बहीण सर्वांना नसते.

पती न्यायमूर्ती रानडे यांच्या पश्चात रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले, त्यात या प्रश्नाचे उत्तर अधिक व्यवहारी होते. सेवासदनाने बाईला दोन पेशे दाखवले: प्राथमिक शिक्षिका आणि परिचारिका. रुग्णसेवा म्हणजे विटाळ आणि परपुरुषाचा स्पर्श, या समजुतीने ब्राह्मण घरांतून केवढा कोलाहल झाला असेल ते सांगायला नको. पण या पेशांत एक गुण होता, वेतन ठरलेले होते आणि शाळेच्या बाईची कामाची वेळ तिच्या मुलाच्या शाळेच्या वेळेशी जुळत होती. नागपुरास १९२१ मध्ये मातृसेवा संघ स्थापन करणाऱ्या कमलाबाई होस्पेट या स्वतः बालविधवा आणि परिचारिका. महाराष्ट्रात एकाकी बाईने धरलेला पहिला प्रतिष्ठित पेशा शिक्षिकेचा ठरला, यामागे विद्येविषयीच्या आदराइतकाच, माझ्या मते, घड्याळाचाही वाटा होता.

मुलांचा प्रश्न ज्या बाईने स्वतंत्रपणे हाती घेतला तीदेखील एकाकी माताच निघावी, हा योगायोग म्हणायचा की अपरिहार्यता? ताराबाई मोडक अमरावतीचे घर सोडून, लहानग्या मुलीला बरोबर घेऊन, राजकोटला नोकरीवर गेल्या. तेथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात रमल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. आणि १९४५ पासून बोर्डीत, पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी, ज्या स्वतः बालविधवा होत्या, आदिवासी पाड्यांच्या अंगणातच बालवाडी भरवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना दोन्ही त्या अंगणातून देशभर गेली. एकाकी बाईच्या हुन्नराच्या इतिहासात या नावांचा उल्लेख कोणी करत नाही, कारण त्यांनी कोणाला टंकलेखन शिकवले नाही.

आता टंकलेखनाकडे वळतो, कारण या कहाणीतला जो भाग मी डोळ्यांनी पाहिला तो येथून सुरू होतो.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभार मराठीतून चालवण्याचा मार्ग आखला गेला. कचेऱ्यांतून इंग्रजी खलिते मागे हटू लागले तसतशी मराठी टंकलेखकांची मागणी वाढत गेली. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले होतेच. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेत मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा आणि इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग लागे. त्यासाठी तालुक्या-तालुक्यांत, बहुधा एस. टी. स्टँडच्या आसपास, एखाद्या दुकानाच्या माळ्यावर, ‘शासनमान्य टंकलेखन संस्था’ अशी पाटी झळकू लागली. मी ज्या संस्थेत शिकलो तिचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. पत्र्याच्या छपराखाली दहा यंत्रे, दोन रेमिंग्टन, एक हाल्डा, बाकी गोदरेज. बोटांनी पाहू नये, स्मरावे म्हणून कळांवर बांधलेले काळे फडके. आणि पहिले पंधरा दिवस केवळ ‘एएसडीएफजी’ची एकसुरी माळ. परीक्षेच्या दिवशी ही यंत्रे टेम्पोत घालून केंद्रावर न्यावी लागत, आणि रस्त्यात धक्का बसून कोणाची एखादी कळ अडकली तर ती त्याच्या नशिबाची गोष्ट मानली जाई.

मराठी यंत्राची रीत मोठी चमत्कारिक होती. जी पूर्ण अक्षरे आपण एका फटक्यात लिहितो, त्यांपैकी कित्येक त्या यंत्राला ठाऊकच नव्हती. अर्धा ‘ग’ आधी मारायचा आणि मग त्याला दंड जोडायचा, तेव्हा ‘ग’ पुरा होई. ऱ्हस्व वेलांटी बोलताना व्यंजनानंतर येते, यंत्रावर मात्र आधी. म्हणजे ‘किती’ म्हणताना जीभ ‘क’पासून निघे आणि बोट वेलांटीपासून. जीभ आणि बोट यांची ही फारकत अंगवळणी पडायला तरुण मुलाला दोन महिने लागत.

आमच्या सकाळच्या पाळीत एक बाई येत. वय पस्तिशीचे, नऊवारी नव्हे, फिकट रंगाचे गोल पातळ, कपाळ रिकामे. त्यांचे यजमान एका कार्यालयात कारकून होते आणि अपघाताने गेले होते. बाईंना अनुकंपेवर त्याच कार्यालयात जागा मिळाली होती, मात्र ठरावीक मुदतीत टंकलेखनाचे प्रमाणपत्र हजर करण्याच्या अटीवर. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांची पोरे शर्यतीने कळा बडवत असू. बाईंचा करंगळीचा फटका मात्र उमटतच नसे. संसारात कधी करंगळीला काम पडलेच नाही, असे त्या एकदा म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसल्या. त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी टेबलाखाली बसलेली असे. सरांनी तिला कापलेल्या स्टेन्सिलचे तुकडे आणि काळ्या-लाल रिबिनीचे रिकामे रीळ खेळायला दिले होते. ओळ संपत आली की यंत्रात टिण् अशी घंटी होते, त्या घंटीवर ती पोर खालून ‘झालं!’ म्हणे, आणि मग आई गाडी मागे सारी. पहिल्या परीक्षेत बाई नापास झाल्या. उतारा वेळेत पुरा झाला नाही. दुसऱ्या खेपेस पास झाल्या तेव्हा सरांनी सगळ्या पाळीला चहा पाजला.

अनुकंपा या शब्दाविषयी मला पुष्कळ दिवस अढी होती. हक्काच्या जागी दया कशाला, असे वाटे. परंतु आता मागे वळून पाहताना त्या नियमातला एक शहाणपणा लक्षात येतो, जो कदाचित नियम करणाऱ्यांच्याही ध्यानी आला नसेल: तेथे नोकरी आधी, प्रमाणपत्र मागाहून. पगार पहिल्या महिन्यापासून सुरू होई. त्या पगारातून शेजारणीला दोन पैसे देऊन मूल ठेवता येई, शिकवणीची फी भरता येई, नापास होऊन पुन्हा बसता येई. नंतर निघालेल्या बहुतेक योजनांनी हा क्रम उलटा केला. आधी शिका, मग प्रमाणपत्र घ्या, मग अर्ज करा, मग वाट पाहा. आणि या चारही पायऱ्यांवर मूल जेवायला मागत असते. केंद्रीय समाज कल्याण मंडळाने, दुर्गाबाई देशमुखांच्या पुढाकाराने, १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी जे संक्षिप्त अभ्यासक्रम काढले, ज्यांतून परित्यक्ता आणि विधवा स्त्रिया दोन वर्षांत शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचून परिचारिका, ग्रामसेविका, बालसेविका होऊ शकत, त्यांची मात्र सन्मानाने आठवण ठेवली पाहिजे.

‘परित्यक्ता’ या शब्दाचीही एक गोष्ट आहे. विधवेला समाजात निदान एक नाव होते, नवऱ्याने टाकलेल्या बाईला तेही नव्हते. ती माहेरी राहिली तर ‘आलेली’, सासरी राहिली तर ‘नको असलेली’. तिच्यासाठी अनुकंपेची जागा नव्हती, कारण नवरा जिवंत होता. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली तेव्हा अशा बायका प्रथमच उघड्या मांडवात एकत्र बसल्या, आणि पुढे १९९४ च्या राज्य महिला धोरणाच्या काळात त्यांचे नाव शासकीय कागदांत रुळले. आज सर्वांना मिळून ‘एकल’ म्हणतात. शब्द सोज्ज्वळ आहे. ‘टाकलेली’मध्ये जो आरोपी दिसत होता तो मात्र त्यातून नाहीसा झाला आहे.

नव्वदच्या सुमारास छापखान्यांतील खिळे भंगारात निघाले आणि संगणकावरील जुळणी आली. या बदलाविषयी लिहिणारे बहुधा कंपोझिटरांच्या बेकारीविषयी लिहितात, ते योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजू पाहायची तर त्या काळातील मराठी पुस्तकाचे श्रेयपान उघडावे. मुद्रक, प्रकाशक, मुखपृष्ठ यांच्या खाली ‘अक्षरजुळणी’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे पुष्कळदा बाईचे नाव असते. टंकलेखन शिकलेल्या कित्येक बायकांनी उधारीवर एक संगणक घेतला, तो स्वयंपाकघर आणि पलंग यांच्या मधल्या जागेत मांडला, आणि दुपारी मुले शाळेत, रात्री मुले निजलेली, अशा दोन पाळ्यांत कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि पाठ्यपुस्तके जुळवली. केडगावच्या आवारात जे अंतर वीस पावलांचे होते ते येथे दोन पावलांवर आले. मोबदला पानाच्या हिशेबाने, आणि तोही दिवाळी उलटल्यावर. तरी काम घरात होते. त्यांची अडचण निराळीच होती. प्रत्येक फाँटाची संकेतावली वेगळी असल्यामुळे एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांच्या जागी निव्वळ चौकोन किंवा अगम्य रोमन खुणा दिसत; आणि पुढे युनिकोड आणि त्याबरोबर इन्स्क्रिप्टचा कळफलक आला तेव्हा ऱ्हस्व वेलांटी पुन्हा व्यंजनाच्या मागे गेली. वीस वर्षे जिभेविरुद्ध शिकवलेले बोट आता जिभेप्रमाणे चालवायचे! अनेकींनी जुना रेमिंग्टनचा कळफलकच संगणकात बसवून घेतला, आणि त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या हस्ताक्षराची दिशा बदलून पाहावी.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. एक कोटीहून अधिक लोक तो शिकून गेले, आणि शासकीय भरतीत संगणक-अर्हता म्हणून त्याला मान्यता मिळाल्यामुळे पूर्वीच्या टंकलेखन संस्थेचे स्थान त्याच्या केंद्रांनी घेतले. माऊस कसा धरावा येथपासून आरंभ, मग पत्र, तक्ता, ई-मेल. २००९ च्या सुमारास गोदरेजने टंकयंत्रांचे उत्पादन थांबवले, आणि शासकीय परीक्षाही कालांतराने संगणकावर गेली. वर्गात शिकवले जाते त्याहून एक निराळी विद्या बाईला या केंद्रांतून मिळाली, जिची नोंद कोणत्या प्रमाणपत्रावर नसते: पोटगीच्या दाव्याची तारीख मोबाईलवर पाहता येणे, शिधापत्रिकेतील नाव वेगळे करण्याचा अर्ज दलालाशिवाय भरता येणे, बँकेतील आपली शिल्लक दिरास न विचारता कळणे. तलाठ्याच्या कचेरीत ज्या बाईला दाराशी उभे राहावे लागे, तिला हे किती मोठे वाटत असेल याची कल्पना खुर्चीवर बसून येणार नाही.

मग २०२० आणि २०२१ ही वर्षे आली. करोनाने घरोघरचे कर्ते पुरुष नेले. विधवांच्या पुनर्वसनासाठी कार्यकर्त्यांच्या समित्या उभ्या राहिल्या. राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ जाहीर करून तालुका पातळीवर या कुटुंबांच्या याद्या करायला घेतल्या. बालसंगोपन योजनेखाली मुलामागे मिळणारी दरमहा रक्कम पुढे २,२५० रुपये झाली. ती योजना एक पालक गमावलेल्या मुलांनाही लागू आहे, आणि तिच्या नावात आई नाही, मूल आहे. बालपरवेशीचा तो जुना कागद कोणा आधुनिक कारकुनाने नव्या लिपीत उतरवून काढावा, तसे मला ते वाटले.

गेल्या वर्षी काही कामानिमित्त त्याच तालुक्याच्या गावी जाणे झाले. माळ्यावरची संस्था आता खाली आली आहे. सरांचा मुलगा ती चालवतो, दहा यंत्रांच्या जागी बारा संगणक आहेत, आणि एक रेमिंग्टन काचेच्या कपाटावर शोभेला ठेवले आहे. आत एकल महिलांची तुकडी बसली होती, आठ-नऊ जणी, एकीच्या मांडीवर निजलेले मूल. एक्सेलमध्ये बचत गटाचा हिशेब मांडणे चालले होते. फळ्यावर हप्ता, व्याज, शिल्लक असे रकाने आखले होते. एक बाई करंगळी उचलून धरून बाकीच्या चार बोटांनी कळा मारत होत्या, ते पाहून मला एकदम टेबलाखालची ती मुलगी आठवली. ती आता पन्नाशी उलटून गेली असेल. तुकडी पूर्वी दुपारी चारला भरत असे आणि निम्म्या जणी गैरहजर राहत, असे मुलाने सांगितले. दारावरच्या सूचनाफलकावर जुनी वेळ खडूने खोडून नवी लिहिली होती: ‘सकाळी अकरा ते साडेबारा’. मी कारण विचारले. तो म्हणाला, “काका, अंगणवाडी एक वाजता सुटते.”